लंडनात छापलेली भावकी

परदेश बघायला पासपोर्ट लागतो अशी माझी समजूत होती. या चैत्रात विट्याजवळच्या एका गावात जाऊन आले आणि ती समजूत गेली. त्या गावात दारात सडा टाकणारी बाई नातवाला तमिळमध्ये रागवत होती, शेजारच्या ओट्यावर दोन पोरं कानडीत भांडत होती, आणि देवळाच्या पारावर एक इंग्रज वकील बूट काढून, मांडी घालायचा प्रयत्न करत बसला होता.

इंग्रज वकील माझ्याच गाडीतून आला होता. मी अनुवादक आहे, राहते कोथरूडला. कोर्टाचे, बँकांचे आणि अलीकडे परदेशी कंपन्यांचे कागद मराठीत आणते. ज्या लॉ फर्मसाठी मी गेले तिचं नाव सांगत नाही. सांगितलं तर नोटीस येईल आणि तिचा अनुवादही मलाच करावा लागेल. एवढं सांगते की नावात तीन आडनावं आहेत. ते तिघेही कधीच वारले, पण बिलं अजून त्यांच्याच नावानं जातात. मी आपली तिला त्रिमूर्ती म्हणते.

काम असं होतं. त्या गावचे तात्या हे गलाईवाले. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून, तेजाबात घालून शुद्ध करायचं काम. विट्याच्या आसपासच्या कोरड्या माळावरची माणसं हे काम घेऊन देशभर गेली. तात्यांची दक्षिणेत शहराशहरांत दुकानं. एका परदेशी धातू कंपनीला ती सगळी विकत हवी होती आणि कंपनीची वकील त्रिमूर्ती. करार इंग्रजीत, तात्यांचं इंग्रजी सहीपुरतं. तेव्हा करार मराठीत वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा आणि तसं लिहून द्यायचं, यासाठी मी.

उंब्रज

गाडीत आम्ही तिघं. लंडनचे एडवर्ड, त्रिमूर्तीच्या मुंबईतल्या सोबतीण फर्मची रिया, आणि मी. रिया हुशार मुलगी, पण जन्म मुंबईत जाऊनही तिचं मराठी 'डावीकडे घ्या' आणि 'किती झाले' एवढ्यावर थांबलेलं. एडवर्डना भारतात वकिली करता येत नाही, ते फक्त त्यांच्या देशाच्या कायद्याचा सल्ला देतात, हे तिनं मला पुन्हापुन्हा बजावलं. मग ते माळावर काय करणार, असं मी विचारलं. ती म्हणाली, "प्रेझेन्स." असे काका आमच्याकडे लग्नात असतात. ते काही करत नाहीत, पण त्यांना फेटा बांधल्याशिवाय वरात हलत नाही.

एडवर्ड यांचा वेळ सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत विकला जातो. उंब्रजला त्यांनी हौसेनं मिसळ मागवली. पहिल्याच घासाला ठसका लागला, नाक टोमॅटोसारखं लाल झालं, डोळ्यांतून धारा. हॉटेलवाला धावत दही घेऊन आला आणि मला दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, पावनं सांगून आनायचं की हो. कट येगळा दिला असता." सावरल्यावर एडवर्डनी फोन काढून काहीतरी नोंदवलं. हा ठसका कुणाच्या बिलात, असं मी रियाला विचारलं. "क्लायंटच्या," ती सहज म्हणाली, "त्यांच्यासाठीच तर चाललोय." एवढी महाग मिसळ खाणाऱ्या माणसाच्या टेबलावर मी याआधी बसले नव्हते.

मुक्काम कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूरच्या एका हॉटेलात झाला. तिथल्या गादीबद्दल मी बोलणार नाही. सकाळी कऱ्हाड सोडून विट्याची वाट धरली, तसा ऊस हळूहळू मागं पडला. माती फिकी झाली, बाभळी आल्या, मेंढरांचे कळप रस्ता अडवून आमच्या गाडीकडे तुच्छतेनं बघू लागले. एडवर्डनी विचारलं की एवढ्या उजाड मुलखात सोनं कुठून येतं. मी म्हटलं, मुलूख उजाड होता म्हणूनच माणसं सोन्यापर्यंत गेली.

गावात

गावाची जत्रा दोन दिवसांवर आली होती. एरवी या गावात म्हातारी माणसं आणि कुलपं राहतात. जत्रेला मात्र जिथं असेल तिथून माणूस येतो. एकेका गल्लीत सेलमवाले, हुबळीवाले, कोलकात्याचे, कोचीचे. घरं तीन-तीन मजली, वर रंगीत काचा, आणि अंगणात चुलीवर बाजरीची भाकरी. तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, आम्हाला गूळपाणी दिलं आणि एडवर्डना पायांपासून केसांपर्यंत बघून घेतलं.

"ह्यो एवडा वाळला का? खायला घालीत न्हाईत व्हय त्येला तितं?"

मी अनुवाद केला: "काकू तुमच्या प्रवासाची चौकशी करतायत."

तात्या सत्तरीच्या पुढचे. भुवया भट्टीनं खाल्लेल्या, आवाज तेजाबाच्या वाफेनं घोगरा, बोलताना मधेच दम लागायचा. एकुलती एक मुलगी पुण्यात कॉम्प्युटरवर. दुकानं पुतणे आणि भावकीतली पोरं सांभाळायची. दरवर्षी जत्रा झाली की तात्या भावकीच्याच एखाद्या गाडीत बसून निघत आणि शहर-शहर करत सगळ्या दुकानांतून फिरून येत. काम करायचे नाहीत. भट्टीजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि मुशीतल्या सोन्याचा रंग बघून म्हणायचे, "उतरीव आता." आता छातीनं दगा दिला होता, डॉक्टरनं धूर बंद सांगितला होता, म्हणून विकायचं ठरलं.

चहाला त्यांनी एडवर्डना विचारलं, "तुमच्या फर्मच्या शाखा कुटं कुटं?"

एडवर्डनी लंडन, सिंगापूर, दुबई अशी अभिमानानं सुरुवात केली आणि बरीच लांब नेली. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चांगलं हाय. आमच्या वरच्या आळीचं एवडं हुतंय. खालची आळी येगळी."

एडवर्ड हसले, पण तो हिशेब त्यांनी मनात दोनदा केलेला मला दिसला.

आदला दिवस

जत्रेच्या आदल्या दिवशी देवळात माणसांची रीघ लागली. मला वाटलं, देवाला. देवाला नव्हती, आमच्या कराराला होती.

त्याचं असं झालं होतं. महिन्याभरापूर्वी त्रिमूर्तीनं तात्यांना निरोप पाठवला: करारासाठी सर्व नातेवाइकांची यादी द्यावी, कोणीही सुटता कामा नये. आता या मुलखात 'कोणीही सुटता कामा नये' अशी यादी एकच असते, लग्नपत्रिकेतली. आमच्या पुण्यात पत्रिकेवर आई-वडिलांची नावं, हॉलचा पत्ता आणि 'आहेर आणू नये' एवढं असलं की झालं. सख्खा चुलतभाऊ आपलं नाव शोधत बसत नाही, उलट आठवण करून दिली म्हणून नाराज होतो. इथं पत्रिकेत निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक आणि खाली समस्त भावकी. एक नाव राहिलं तर दोन पिढ्या येणं-जाणं बंद. तात्यांनी पारावर बसून, वडीलधाऱ्यांना विचारून, मानानुसार यादी केली. सगळ्यात खाली चिमुरड्यांची नावं 'किलबिल' म्हणून घातली. लंडनच्या फर्मनं ती इमानेइतबारे इंग्रजीत करून परिशिष्टात छापली, किलबिलीसकट. छापून आली ती आदल्या संध्याकाळी, आणि आता सगळा गाव आपापलं नाव बघायला आला होता.

"माजं नाव पांडुरंगाच्या खाली का?" एका म्हाताऱ्यानं रियाला खडसावलं. "त्येच्या बापाआदी माजा बा जल्मला."

रियानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "अनुक्रम तपासून घ्या म्हणतायत."

या गर्दीत एक पन्नाशीचा माणूस होता. इस्त्रीचा शर्ट, कानाला फोन, फोनवर अस्सल तमिळ. फोन ठेवून त्यानं यादी हातात घेतली, बोटानं एकेक ओळ खाली आला आणि एका ओळीवर थांबला. तिथंच उभ्या उभ्या त्याचे डोळे भरून आले.

तो भगवान. तात्यांच्या चुलतभावाचा मुलगा. लहानपणी तात्यांनीच त्याला हाताला धरून भट्टी शिकवली. पुढं त्यानं सेलमला स्वतःचं छोटं दुकान काढलं. आणि तात्यांच्या मुलीच्या लग्नात पत्रिका छापणाऱ्याच्या चुकीनं त्याचं नाव गळालं. तेव्हापासून तो जत्रेला यायचा, देवाच्या पाया पडायचा आणि तात्यांच्या दारावरून मान खाली घालून जायचा.

"ताई, ह्ये बगा," तो मला म्हणाला. "लंडनात छापलंय. तात्यांनी घातलं नाव. सख्ख्या पुतन्यांच्या वळीत घातलंय, ताई."

मी बघितलं, पण त्याचं अभिनंदन करता येईना. कारण ते परिशिष्ट कशाला जोडलंय ते मला माहीत होतं. करारातलं एक कलम मी पुण्यातच मराठीत आणलं होतं: परिशिष्टातल्या कोणीही पाच वर्षं देशात कुठंही गलाईचा धंदा करायचा नाही, आणि तसं प्रत्येकानं सही करून मान्य करायचं. म्हणजे ज्यात नाव आलं म्हणून हा माणूस रडत होता, ती त्याच्या दुकानाला कुलूप लावणाऱ्यांची यादी होती.

मी रियाला बाजूला घेऊन सांगितलं. तिचा चेहरा खरंच उतरला. पण म्हणाली, "तो आपला क्लायंट नाही. आपण दुसऱ्या बाजूला सल्ला देऊ शकत नाही."

"अगं, सल्ला कुठं म्हणतेय? त्याचं घर त्या दुकानावर चालतं."

"मला कळतंय. पण सांगायचं असेल तर त्याच्या वकिलानं सांगायचं."

"त्याला वकील आहे?"

"नाही."

एडवर्डना विचारलं. ते फार सभ्य माणूस. म्हणाले की हा भारतीय कायद्याचा प्रश्न आहे, त्यावर मत द्यायची त्यांना मुभा नाही. जगभर पसरलेल्या त्या फर्ममध्ये एका माणसाला एक वाक्य सांगायची सोय नव्हती. मला भयंकर राग आला. मग लक्षात आलं की मला सल्ला द्यायची मनाई असली तरी वाचायचे तर पैसेच मिळणार आहेत.

जत्रेचा दिवस

सही जत्रेच्या सकाळी, पालखी उठण्याआधी ठरली होती. त्रिमूर्तीनं दिवस मोठ्या खुशीत निवडला होता, सह्या करणारे सगळे आयते एका जागी सापडतात म्हणून. देवळाच्या सभामंडपात जाजम घातलं. समोर तात्या, मागं समस्त भावकी नव्या कपड्यांत, बायका खांबांना टेकून. एडवर्डना कुणीतरी फेटा बांधला होता आणि तो त्यांना खरंच शोभत होता.

मी वाचायला लागले. पहिली पानं माणसं देवाच्या पोथीसारखी ऐकत होती, म्हणजे झोपेत. त्या कलमापाशी आले. साहेबांच्या इंग्रजीत ते एक पानभर लांब वाक्य होतं, कंसांनी आणि उपकलमांनी असं बांधलेलं की गाठ सापडू नये. मी ते पुस्तकी मराठीत एकदा नीट वाचलं. मग म्हटलं, "समजावून सांगायचं माझ्यावर बंधन आहे, म्हणून समजावून सांगते. या यादीत ज्याचं नाव, त्याचं गलाईचं दुकान पाच वर्षं बंद."

झोपलेले खडबडून जागे झाले.

"कुनाचं बंद?" तात्यांनी विचारलं.

"यादीतल्या सगळ्यांचं."

मग एकच गलका उठला. काल पांडुरंगाच्या वर नाव मागणारा म्हातारा ते सगळ्यात आधी खोडा म्हणू लागला. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, किलबिलीचं बी बंद क्येलं की रं!" रिया फोनला चिकटली. तात्या मात्र मागं वळून भगवानकडं बघत होते.

"भगवाना, तुजं नाव काढतो. गैरसमज करून घिऊ नगंस."

भगवान उठून उभा राहिला. "न्हाई तात्या. ऱ्हाऊ द्या."

"आरं, दुकान बंद पडंल तुजं."

"पडंना का. योक डाव नाव गेलं तवा काय झालं ते मला म्हाईत हाय. पुन्यांदा काढायचं न्हाई."

"आरं येड्या, मंग खाशील काय?"

"तुमी खाशीला त्येच."

मंडपात कुणी हसलं नाही. तात्यांना दम लागला, डोळे पुसायचं निमित्त करून त्यांनी टोपी सारखी केली. मीही चष्मा पुसला. एडवर्डनी अनुवादासाठी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मी काही बोलले नाही.

कोंडी अशी होती. भगवान नाव काढू देईना. तात्यांना एक नाव ठेवून दुसरं काढता येईना, कारण खोडलेलं नाव हे न छापलेल्या नावापेक्षा वाईट. आणि नावं राहिली तर गावाचा धंदा बसतो. एडवर्ड लंडनला फोन करू लागले, तिथं अजून उजाडलं नव्हतं. सिंगापूर जागं होतं, पण म्हणालं की दुबईला विचारा.

तेवढ्यात काकू खांबाआडून पुढं आल्या. "बाई, त्या सायबाला इचारा. ही समदी घरी बसली तर त्येच्या मालकाच्या दुकानात सोनं गाळनार कोन? त्यो सोता येनार हाय व्हय?"

मी हे शब्दशः भाषांतरित केलं. एडवर्डनी करार उघडून ते कलम पुन्हा वाचलं. कंपनी विकत घेत होती ती ही माणसंच, आणि करार त्यांनाच कामाला बंदी घालत होता. देशोदेशीच्या वकिलांनी तो मसुदा तपासला होता. सगळ्यांनी स्वल्पविराम बघितले होते.

पालखी थांबली. देवाला त्रिमूर्तीसाठी थांबावं लागल्याची ही गावातली पहिलीच वेळ असावी. दुपारपर्यंत फोन झाले, बोकडाच्या रश्श्याचा वास मंडपात आला, आणि शेवटी तोडगा निघाला. एक नवीन परिशिष्ट करायचं: 'ज्यांना हे कलम लागू नाही अशा व्यक्ती.' सगळी यादी, त्याच मानानुसार, त्यात हलवायची. नाव राहणार, छापून राहणार, लंडनात राहणार, आणि दुकानही चालणार. भावकीनं टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यानं पांडुरंगाच्या वर जायचा विषय लगेच पुन्हा काढला.

जुन्या यादीत एकच नाव उरलं. विकणाऱ्यानं तरी बांधलं जायलाच हवं, नाहीतर कंपनीनं विकत काय घेतलं, असं एडवर्ड म्हणाले. ते बरोबरच होतं. मी तात्यांना ते दोनदा समजावलं: धंदा करायचा नाही, दुसऱ्याच्या भट्टीवर बसायचं नाही, सल्लाही द्यायचा नाही.

"करा की," तात्या म्हणाले. "डाक्टर बी त्येच म्हनतोय. त्यो फुकट सांगतोय येवडंच." आणि त्यांनी सही केली.

मग पालखी उठली, गुलाल उडाला, एडवर्डचा शर्ट कायमचा गेला. पंगतीत भगवान तात्यांच्या शेजारी बसला. काकूंनी त्याला न विचारता दुसऱ्यांदा रस्सा वाढला आणि म्हणाल्या, "लय वर्सं वाढायची ऱ्हायल्यात."

निरोप

जत्रा संपली की हे गाव दोन सकाळींत रिकामं होतं. आम्ही निघालो तेव्हा वेशीवर गाड्या लागल्या होत्या, टपांवर धान्याची पोती, खिडक्यांत डबे. सेलमची गाडी सुटताना भगवान खाली उतरून तात्यांच्या पाया पडला आणि सवयीनं बोलून गेला, "मंग तात्या, दुकानी कवा येताय?"

म्हणाला आणि जीभ चावली. तात्या हसले. "इचारा की सायबास्नी. पुतन्याच्या दुकानात च्या प्यायला तरी चालंल का मला?"

सगळे हसले, एडवर्ड सोडून. त्यांनी गंभीरपणे फोन काढून प्रश्न लिहून घेतला. म्हणाले, तपासून कळवतो. गाड्या एकामागून एक गेल्या. मागच्या काचेतून बघितलं तर वेशीत तात्या उभे होते, दोन्ही हात मागं बांधून. एरवी या दिवशी ते गाडीत असत.

पुणे

उत्तर आलं. चहाबद्दल फर्मचं मत, सुबक मथळ्यासह, अनेक पानी. अनुवादाला माझ्याकडेच आलं. मथितार्थ असा: कौटुंबिक भेट म्हणून, वाजवी काळापुरता, दुकानात चहा घेण्यास हरकत दिसत नाही. मात्र त्या वेळी भट्टीतील धातूचे निरीक्षण करणे, किंवा त्याच्या रंगाबाबत शब्दाने अथवा खुणेने अभिप्राय देणे, हा सल्ला समजला जाऊ शकेल.

मी तात्यांना फोन लावून वाचून दाखवलं. समजावूनही सांगितलं. मला वाटलं, आता शिवी येईल, आणि आली असती तर मी ती लंडनला जशीच्या तशी पाठवली असती.

"म्हंजी च्या चालंल," ते म्हणाले. "बगायचं न्हाई."

"हो, तात्या."

"बगितल्यावर गप बसवायचं न्हाई मला, त्ये बी खरं हाय." ते थोडं खोकले. "बाई, भगवानला तेवडा फोन करा. खुर्ची भितीकडं त्वांड करून ठिव म्हनावं. येतो मी."